म्हाताऱ्या कुत्र्यासाठी स्थळ

बदलीची ऑर्डर आली तेव्हा मी कुत्र्याचं पोट दाबत होते. दोन्ही हात गुंतलेले, म्हणून लिफाफा पोस्टमनलाच फोडायला लावला. त्यानं ओसरीच्या पायरीवर बसून मोठ्यानं वाचलं. चाकूरजवळच्या या उपकेंद्रावरून नायगावजवळच्या उपकेंद्रावर, विनंतीवरून, पंधरा दिवसांत कार्यमुक्त व्हावे. ज्या कागदासाठी मी सहा वर्षं अर्जावर अर्ज केले होते तो हा कागद.

"पेढे पाहिजेत बाई," तो म्हणाला.

"आधी याची लघवी होऊ द्या," मी म्हणाले. माझं तोंड असंच आहे. आनंदाच्या वेळी मला नीट बोलता येत नाही.

माझं सासर नायगावकडचं. नवरा तिथल्या शाळेत मास्तर. सासूचं एक अंग वाऱ्यानं गेलेलं, त्याला दीड वर्ष होत आलं होतं. दोन खोल्यांचं घर, त्यातल्या एका खोलीत सासूची बाज. तिची कूस बदलणं, अंग पुसणं, भरवणं, सगळं नवरा शाळा सांभाळून करत होता. मी मात्र परक्या गावात नर्स होऊन दुसऱ्यांच्या सासवांची सेवा करते, असं नणंद पत्रातून ऐकवायची. तिचं काही खोटं नव्हतं, म्हणूनच मला तिचा राग यायचा. त्या दोन खोल्यांत, त्या मोजून मिळणाऱ्या पाण्यात, मागचे पाय गेलेला आणखी एक जीव नेणं शक्य नव्हतं. तरी मी पत्रात विचारून बघितलं. नवऱ्यानं उत्तरात सगळं लिहिलं, कुत्र्याचा तेवढा शब्द काढला नाही. मी काय ते समजले.

लातूर जिल्हा तेव्हा नवा झाला होता. आमच्या उपकेंद्राच्या पाटीवर पेंटरनं उस्मानाबादवर रंगाचा हात मारून वर लातूर लिहिलं होतं, पण खालचं नाव अजून दिसायचं. जिल्हा नवा आणि दुष्काळ मात्र जुनाच. विहिरींचे तळ उघडे पडले होते, गावाबाहेर जनावरांची छावणी होती, आणि दिवसाआड टँकर यायचा. कुत्रा छावणीबरोबर आला. कुणाच्या तरी बैलांमागं चालत आला असणार. बैल बाजारात गेले, माणसं कामाच्या शोधात गेली, हा राहिला. तेव्हाच त्याचं तोंड पांढरं झालेलं होतं आणि दात झिजून हिरड्यांना टेकले होते. एका सकाळी टँकर मागं घेताना त्याच्या कमरेला धक्का बसला. बायका ओरडल्या, आणि दुसऱ्या क्षणी पुन्हा घागरी लावायला लागल्या. मी त्यांना दोष देत नाही. माझीही घागर रांगेत होती. ती मी सुईणीच्या ताब्यात दिली आणि कुत्र्याला पोत्यावर घालून उपकेंद्रात आणलं.

त्याचे मागचे दोन्ही पाय कायमचे गेले. शेपटीही गेली, त्यामुळं आनंद झाला की तो नुसते कान मागं पाडायचा. लघवी आपली आपण व्हायची नाही. सकाळ-संध्याकाळ त्याला आडवा करून, दोन्ही हातांनी खालच्या बाजूला हळूहळू दाब द्यायचा, मग व्हायची. नाही झाली तर पोट फुगणार, ताप येणार आणि दोन-चार दिवसांत जीव जाणार. पोटाखालून जुना पंचा घालून कंबर उचलली की पुढच्या दोन पायांवर तो अंगणभर फिरायचा. दर थोड्या वेळानं कूस बदलायची, नाहीतर जखमा. हे सगळं मला येत होतं, कारण माझं पोटच त्यावर चालत होतं. दहा महिने मी ते केलं. अधूनमधून सरकारी बँडेजही वापरलं. आता निवृत्त झाले आहे, सांगायला हरकत नाही.

तेव्हा मला त्याच्यासाठी नुसती भाकरी टाकणारं घर नको होतं. हात लावणारं घर पाहिजे होतं, आणि तेही पंधरा दिवसांत.

माझी घर बघायची एक रीत होती. नोकरीतच लागलेली. दारात शिरलं की मी माणसांच्या तोंडाकडं बघत नसे. रांजणाखालची जमीन बघायची, पोरांची नखं बघायची, गाईच्या मानेवर दाव्याची जखम आहे का ते बघायचं. ज्या घरातल्या गाईची मान साफ, त्या घरात बाळंतीण नीट सांभाळली जाते, असा माझा अनुभव होता. त्याच हिशेबानं मी कुत्र्यासाठी स्थळ बघायला निघाले. मुलीच्या बापानंही इतकी घरं पालथी घातली नसतील.

पण एक गोष्ट मी साफ विसरले होते. पांढरं पातळ, खांद्याला पिशवी, आणि दुपारच्या वेळी दारात उभी नर्स, याचा गावात एकच अर्थ व्हायचा. नर्सबाई केस शोधायला आल्या. केस म्हणजे कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन. वरून आम्हाला आकडा ठरवून दिलेला असायचा आणि तो भरला नाही की बैठकीत सगळ्यांसमोर उभं करायचे. त्यामुळं मी गल्लीत शिरले की दारं पटापट ओढली जायची. एका घरात सून धान्याच्या कणगीमागं लपली, तिच्या बांगड्या वाजत होत्या, आणि सासू मला सांगत होती, "ती माहेरला गेली बाई."

"अहो, मी कुत्र्याचं विचारायला आले."

"हाव हाव. कुत्र्याचंच इचारता, मंग बसता, मंग हळूच निगतंय वहीतून नाव."

असे आठ दिवस गेले. ज्यांनी दार उघडलं त्यांचंही म्हणणं ठरलेलं होतं. माणसाला पाणी न्हाई, कुत्र्याला कुठून? एका शहाण्यानं सुचवलं, "बाई, सुया तुमच्याच हातात. एक टोचा अन् मोकळं करा त्याला." मी त्याला जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. घरी येऊन कुत्र्याकडं बघितलं तेव्हा मात्र तो माणूस फार चुकीचं बोलला असं वाटेना, आणि मला स्वतःची भीती वाटली.

सुईण म्हणजे माझ्या हाताखाली काम करणारी गावातली म्हातारी. गावातली निम्मी माणसं तिच्याच हातावर जन्मली होती. ती म्हणाली, "सोपं हाय. खंडोबाचं कुत्रं हाय म्हणून सांगा. कुणीबी ठिवून घेईल. भंडारा लावतील, निवद दाखवतील."

तिचं खरं होतं. पण माझ्या वडिलांनी दीक्षा घेतल्यावर घरातले सगळे देव गाठोड्यात बांधून नदीत सोडले होते. मी तेव्हा त्यांच्या बोटाला धरून काठावर उभी होते. ते गेल्यावर मी एका कुत्र्यासाठी खंडोबाचं नाव घ्यायचं, हे मला जमेना. शिवाय, देव म्हणून ठेवलेल्या कुत्र्याचं पोट कोण दाबणार? त्याच्यापुढं नारळ फुटला असता आणि तो ताप येऊन मेला असता.

शेवटी मी गावाच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या एका शेतकरी घरात गेले. घर तिथल्या म्हाताऱ्या सासूच्या हुकमावर चाले. एकुलता एक मुलगा शेत बघणारा, आईसमोर तोंड न उघडणारा. सून, आणि सुनेच्या तीन मुली. तिन्ही बाळंतपणं माझ्या हातची. तरी या घरात माझा चहाचा कप वेगळा असायचा, बाहेरच्या कोनाड्यात पालथा घातलेला. नातीची नाळ कापलेली चालायची, कप मात्र वेगळा. मी तो चहा कधी प्यायले नाही. "आताच घेतला," म्हणायची. हे मला आणि म्हातारीला, दोघींनाही ठाऊक होतं आणि दोघी ते पाळायचो. पण त्यांच्या गाईची मान साफ होती. त्या दुष्काळातही साफ होती.

म्हातारीनं माझं सगळं ऐकून घेतलं. पोट कसं दाबायचं, कूस कधी बदलायची, सगळं. मग म्हणाली, "ठिवतो आमी. पर बाई, एक अट हाय. ऑपरेशनचं नाव या घरात पुन्हा काडायचं न्हाई. नातू झाल्याबिगर न्हाई. तुमी जबान द्या, म्याबी देते. तुमच्या कुत्र्याला अंतर देनार न्हाई."

सून दाराआड उभी होती. महिन्यापूर्वी ती रक्तवाढीच्या लाल गोळ्या न्यायच्या निमित्तानं उपकेंद्रावर आली होती. तिच्या डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून बघितल्या तर कागदासारख्या पांढऱ्या. तिसऱ्या खेपेला तिचं इतकं रक्त गेलं होतं की मी आणि सुईण तिला बैलगाडीत घालून न्यायच्या तयारीत होतो. त्या दिवशी ती खाली बघत म्हणाली होती, "मव्हं नाव लिहा बाई. मला आता न्हाई झेपत." आणि मी म्हणाले होते, नवऱ्याची सही आण, पुढचं मी बघते, सासूशी मी बोलते.

हे सगळं मला त्या क्षणी आठवत होतं. आठवत असतानाच मी म्हणाले, "दिली जबान."

दुपारी मी कुत्र्याला पंच्यात घालून त्यांच्या गोठ्यात नेऊन ठेवलं. येताना मागं बघितलं नाही. त्या दिवशी मी पोटभर जेवले आणि ट्रंक भरायला घेतली. मला हलकं हलकं वाटत होतं. खोटं कशाला सांगू, सुनेचा विचारही फारसा आला नाही. आला तेव्हा मी स्वतःला सांगितलं की माझ्या जागी दुसरी नर्स येईल, ती बघेल.

तीन दिवसांनी बघायला गेले. म्हातारी टँकरवर गेली होती. गोठ्यात सून बसली होती आणि तिनं कुत्र्याला आडवा घेऊन त्याच्या पोटावर दोन्ही हात ठेवले होते. मी सांगितलं होतं त्याहून चांगलं करत होती. अंगठ्यांनी जोर न देता तळव्यांनी, आणि दाबताना त्याच्याशी काहीतरी पुटपुटत. खाली कोरडा भुस्सा पसरलेला. माझ्याकडं असतानाची कमरेवरची जुनी जखम खपली धरत होती. मला बघून त्याचे कान मागं पडले, मग ती बोलली तसे तिच्याकडंही वळले. मी दहा दिवस पायपीट करून जे घर शोधत होते ते हेच होतं. याहून चांगलं मला मिळालं नसतं.

तिनं हात पुसले. मला वाटलं कुत्र्याविषयी काही बोलेल. ती म्हणाली, "बाई, तुमी कवा जानार?"

"परवा."

"परवा," ती म्हणाली. एवढंच. नाव लिहिलं का, सासूशी बोललात का, काही विचारलं नाही. धाकटी रांगत येऊन तिच्या लुगड्याला धरून उभी राहिली, तिला तिनं उचललं, आणि उचलताना गोठ्याच्या मेढीला टेकली. नुसतं पोर उचलायला तिला मेढीचा आधार लागत होता.

मी घरी येऊन ट्रंकेवर बसले. आजवर बैठकींत मी मोठ्या तोंडानं सांगत आले होते की बाईचा जीव आधी. आणि एका कुत्र्यासाठी मी तिच्या चौथ्या बाळंतपणावर गप्प बसायचं कबूल करून आले होते. ते बाळंतपण तिला झेपणार नव्हतं, हे गावात माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. बोलले तर कुत्रा परत येणार, आणि परवा मी जाणार. मग त्याच्यापुढं सुईच. मला कुणाचा तरी खूप राग येत होता, पण कुणाचा धरावा ते कळेना. मग कळलं, माझाच.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गेले. पंचा बरोबर घेतला, कुत्र्याला परत आणायला. म्हातारी अंगणात ज्वारी निवडत होती, मुलगा खाटेच्या दोऱ्या आवळत होता. मी बसले नाही. उभ्यानंच बोलले, नाहीतर धीर सुटला असता.

"मावशी, मी जबान मोडायला आले. तुमच्या सुनेच्या अंगात रक्त नाही. पुन्हा दिवस गेले तर ती हाती लागायची नाही. तिनं स्वतः नाव सांगितलंय, मी ते लिहिलंय. चाकूरला पुढच्या महिन्यात शिबिर आहे. आणि तुम्ही दिलेला शब्द तुमच्याकडं राहू द्या, कुत्र्याला मी घेऊन जाते."

म्हातारीनं सूप खाली ठेवलं. मग जी सुरू झाली ती थांबेना. मी सरकारची माणूस, मला आकडा भरायचाय, माझ्या पोटात माया नाही, मी तिचं घर बुडवायला बसलेय. सगळं मी ऐकून घेतलं. आकडा आता माझ्या नावावर लागणार नाही, मागून येणारीच्या नावावर लागेल, एवढं सांगावंसं वाटलं, पण ते फार क्षुद्र वाटलं म्हणून गिळलं. ती दम घ्यायला थांबली तेव्हा मुलगा दोरीवरची नजर न उचलता बोलला.

"माय, म्या सही केलीया."

आत भाकरी थापायचा आवाज चालला होता, तो थांबला. (सून त्या शिबिराला गेली आणि नीट घरी आली, हे सुईणीनं पुढं पोस्टकार्ड लिहवून मला कळवलं. पण त्या सकाळी यातलं काहीच ठरलेलं नव्हतं.) म्हातारी मुलाकडं बघत राहिली. मग पदरानं तोंड पुसलं आणि सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

मी गोठ्याकडं वळले आणि पंचा उलगडला.

"कुटं निगालाव?" मागून तिचा आवाज आला.

"त्याला घ्यायला."

"कामून? त्या मुक्या जनावरानं काय केलंया?" ती उठून माझ्यामागं गोठ्यात आली. "जबान तुमी मोडली. म्या न्हाई मोडली. ते हितंच ऱ्हाईल."

मी ज्याला सौदा समजून बसले होते तो तिच्या लेखी सौदा नव्हता. तिनं शब्द दिला होता, आणि माझ्या शब्दाचं काय झालं याच्याशी तिच्या शब्दाचा संबंध नव्हता. माझ्या आयुष्यात मी बऱ्याच माणसांपुढं लाजले आहे, पण त्या दिवशी त्या गोठ्यात, जिच्या घरात माझा कप वेगळा होता तिच्यापुढं, मला जितकी शरम वाटली तितकी परत कधी वाटली नाही.

कुत्रा भुश्श्यावर पडल्या पडल्या मान उंचावून माझ्याकडं बघत होता. दुसऱ्या दिवशी माझी एसटी होती. शेवटचं म्हणून मी खाली वाकले, त्याच्या डोक्यावर हात ठेवायला.

"हात लावू नका त्याला," म्हातारी म्हणाली.

माझा हात तिथंच थांबला. एका क्षणात लहानपणापासूनचं सगळं माझ्या डोक्यात उसळून आलं, वेगळी घागर, वेगळं पाणी, लांबून टाकलेली भाकरी. मी ताडकन उभी राहिले. बोलायला तोंड उघडलं होतं.

म्हातारी माझ्याकडं बघतच नव्हती. ती कुत्र्याशेजारी गुडघे धरत खाली बसली होती आणि त्याच्या पुढ्यातली परात जवळ ओढत होती. परातीत ताकात कुस्करलेली भाकरी होती. त्या दिवसांत ताक पोरींनाही पुरेसं मिळत नव्हतं.

"दोन दिस तोंड लावलं न्हाई त्यानं कशाला. तुमच्या वाटंकडं बघत पडलं हुतं. सुनेनं तुमाला सांगितलं नसंल, म्याच सांगू नको म्हनलं. परवा रातच्याला घास घेतला, माज्या हातानं. आता तुमी हात लावला, अन् उद्या निगून गेला, की पुन्हा उपाशी ऱ्हाईल ते. म्हातारं हाय. आता त्याला सोसायचं न्हाई."

तिनं एक घास मळून त्याच्या तोंडाशी धरला. तो माझ्याकडं बघत होता. तिनं घास तसाच धरून ठेवला.

"तुमी जावा आता," ती म्हणाली, आणि या वेळी तिचा आवाज खालचा होता. "तुमी गेल्याबिगर खायाचं न्हाई ते."

मी पंचा मेढीच्या खुंटीला अडकवला आणि त्याला दिसणार नाही अशा बाजूनं गोठ्याबाहेर आले.